दुसरं कडवं

बुन्ने मावशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात उतरताना गायची. रोज एकच गीत, चर्चमधलं. पहिलं कडवं संपलं की गप्प व्हायची. दुसऱ्या कडव्याला लागेल एवढा वेळ नुसती चालायची आणि मग तिसरं उचलायची. मला वाटायचं, अडुसष्टाव्या वर्षी दम लागत असेल.

शहरातल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, त्या वसंतात मी साहित्याची पदवी घेऊन बेटावर परत आले. इथेही हाल होते. उत्तरेला समुद्रात बांध घातल्यापासून किनाऱ्यालगतचा चिखल काळा पडला होता. त्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सापडत त्या उघड्या, मेलेल्या. बायका पलीकडच्या गावात मासळी साफ करायला जाऊ लागल्या. पाद्रीसाहेबांनी बदली मागून घेतली. रविवारी चर्चमध्ये नऊ माणसं उरत.

"पाद्री गेले," मावशी म्हणायची. "देवाने कुठे बदली मागितलीय?"

जिवंत तिसऱ्या आता फक्त लांबच्या उंचवट्यावर होत्या. ओहोटीला चालत तासभर. वाटेवर खुणेच्या काठ्या होत्या, पण बांधानंतर ओहळांनी जागा बदलल्या होत्या. काठ्या खोटं सांगायच्या. म्हणून तिकडे कुणी जात नसे. मावशी जायची. निघण्याआधी किनाऱ्यावर गुडघे टेकायची, उठायची आणि काठ्यांकडे न बघता चालू लागायची.

गावप्रमुखाची बायको ग्योंगजा रोज धक्क्यावरून विचारायची, "काय मावशी, विचारली का वाट वरती?"

"विचारली. म्हणाला, पाऊल आधी तू टाक."

मी येते म्हटल्यावर मावशीने नवऱ्याचे रबरी बूट काढून दिले, पुढे चिंध्या कोंबून. नवरा मानबोक एकोणीस वर्षांपूर्वी याच चिखलात धुक्यात गेला. सापडला नाही. टेकडीवरच्या थडग्यात त्याचा रविवारचा कोट पुरला आहे.

धुक्याचा नियम मला लहानपणापासून माहीत होता. नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही. चिखलात राहिलेले नावाने हाक मारतात. चर्चच्या बायकाही हे पाळतात, आणि म्हणून धुक्यात एकमेकींना शोधायला गातात. एकीने पहिलं कडवं म्हणायचं, दुसरीने दुसरं. मेलेल्यांना कडवी आठवत नाहीत, असं म्हणतात.

त्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. आम्ही उंचवट्यावर दाताळ्याने तिसऱ्या काढत होतो. पाठ दुखली म्हणून मी सरळ झाले आणि बेट दिसेना. मग काठ्या गेल्या. मग माझ्या हातातल्या दाताळ्याचे दात. धुकं थंड नव्हतं. कुणीतरी जवळून श्वास सोडावा तसं होतं.

मावशी हाताच्या अंतरावर होती. तिने पहिलं कडवं गायलं. बेटावर कुणी ऐकलं तर उत्तर देईल म्हणून असावं. संपवून ती थांबली.

दुसरं कडवं डावीकडून आलं.

पुरुषाचा आवाज होता. घाई नव्हती. तिसऱ्या ओळीला सूर खाली घसरला आणि पुन्हा वर आला. मला सुटल्यासारखं झालं. माणूस आहे, तिकडेच बेट आहे. मी पिशवी उचलून निघालेच होते, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

"बस खाली, हेरिम."

"मावशी, कुणीतरी आहे तिकडे."

"आहे. तो तिसरी ओळ नेहमी अशीच पाडतो."

मी बसले. तेव्हा कुठे मला कळलं की ती रोज कुणासाठी थांबते. मी विचारलं, मग त्याच्यामागे का जायचं नाही.

"त्याला वाट माहीत असती तर तो घरी आला नसता का?"

मग तिने जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिने काहीच केलं नाही. दाताळं मांडीवर ठेवून बसून राहिली. भरतीची वेळ होत आली होती. मी म्हटलं, पळू या, कुठेही. ती म्हणाली की आत्ता कुठलीही दिशा खरी नाही. पाणी येईपर्यंत थांबायचं. भरतीचं पाणी जमिनीकडेच जातं. ज्याने ते पाठवलं, तोच वाट दाखवील.

म्हणजे आम्ही बुडायची वाट पाहत बसलो होतो. गाणं मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दर वेळी जवळून. तेच एक कडवं.

मग चिखल बारीक बारीक फुटू लागला, भात शिजताना फुटतो तसा. पाण्याची पातळ जीभ माझ्या बुटाखालून सरकली. मावशीने डोक्याच्या फडक्यातून एक दोरा उपसला, पाण्यावर सोडला आणि तो जाईल तिकडे बघत राहिली. दोरा उजवीकडे गेला, गाण्याच्या बरोबर उलट.

"चल," ती म्हणाली.

पाणी घोट्यापर्यंत होतं. मग गुडघ्यापर्यंत. पुढे ओहळ लागला, पाणी काळं आणि जोरात. खोली कळत नव्हती. मावशीने विचारही केला नाही, पाय घातला. कमरेपर्यंत गेली. माझा हात तिने सोडला नव्हता. ओहळाच्या मध्यावर पाठीमागून आवाज आला. आता गाणं नव्हतं.

"अगं, ऐक ना."

नावाने नाही. घरात नवरा बोलतो तसं. नियम नावाच्या हाकेचा होता, या हाकेचा नव्हता.

मावशी थांबली. पाणी तिच्या छातीशी आलं. ती मागे वळली नाही. ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मला म्हणाली नाही एवढं नक्की. मग तिने पुढचं पाऊल टाकलं. ते चढावर पडलं.

किनाऱ्यावर ग्योंगजा पत्र्याचा डबा बडवत उभी होती. डब्याचा आवाज आम्हाला शेवटच्या वीस पावलांतच आला. मी विचारलं, आज चिखलात आणखी कोण उतरलं होतं. कुणी नाही, ती म्हणाली. एरवी ती बोलायची थांबत नाही. त्या दिवशी तिने फक्त आपला कोट काढून मावशीच्या खांद्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेले, ती येणार नाही असं धरून. ती गुडघ्यांवर होती. उठली, पिशवी कमरेला बांधली.

"येतेस?"

मी बूट चढवले. तिने पहिलं कडवं गायलं. ते संपल्यावर मी सवयीने थबकले, कान डावीकडे लावून.

ती थांबली नाही. दुसरं कडवं तिने स्वतः म्हटलं, तिसरी ओळ सरळ सुरात, आणि चालत राहिली.