बांधलेली जुडी

"शेवग्याचा पाला अस्साच कढईत टाकू नोका, सिस्टर. आंधी गरम पान्यात एक डुबकी द्याची, मंग मुगाची डाळ, लसून, अन् वरून कुटलेला शेंगदाना. रक्त वाढते त्यानं. तुमच्या दवाखान्यातल्या पोटुशा बायायलेबी सांगजा."

"त्यांना तर मी तुमचंच नाव सांगते, मावशी," प्रीती सिस्टर म्हणाली, आणि पाल्याची जुडी पिशवीत टाकून स्कूटीकडं गेली.

आदिलाबादच्या भाजीबाजारात तुळजाबाईच्या पोत्यापुढं अशी गर्दी रोजचीच. इतर बाया भाव सांगतात. तुळजाबाई भाव सांगते आणि वर रीत सांगते. साखरवाल्याला मेथी कशी, बीपीवाल्याला दोडका कसा, लेकरू भाजी खात नसलं तर भाकरीच्या पिठात पालक कसा मळायचा. तेलुगू बाया अंबाडीला गोंगुरा म्हणतात, त्यांनासुद्धा ती डाळ-गोंगुरा शिकवून मोकळी. या रिती तिच्याकडं आल्या कुठून म्हणाल, तर थोड्या आईकडच्या, थोड्या लेकाच्या, प्रवीणच्या मोबाईलमधल्या, आणि बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्याच. काल मास्तरीणबाईनं सांगितलेली रीत आज वकिलीणबाईच्या पिशवीत. त्यातल्या निम्म्या भाज्या तुळजाबाईच्या स्वतःच्या जिभेवर कधी पडल्या नव्हत्या. कोणी इचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

घर तिचं तलमडुगुच्या वाटेवर, विहिरीला लागून भाजीची वाडी. सांजच्याला तोडणी, मग जुड्या बांधणं, पहाटे प्रवीणच्या ऑटोत माल. आणि एक दंडक, तिच्या सासूपासून चालत आलेला: सुतळी बसली की ती भाजी राहिली नाही, माल झाला, बांधलेली जुडी घरात सोडायची नाही, सोडली की बरकत जाते. तोडलं ते सगळंच बांधलं जाई, आणि बाजारातून जे परत येई ते सुकून चिंधी झालेलं, ते म्हशीपुढं. घरच्या ताटात रेशनचा भात, पातळ वरण, मिरचीचा ठेचा. उपाशी कोणी नव्हतं. पोट भरलं म्हणजे खाणं झालं, एवढंच त्या घराला ठाऊक.

सून सुनयना, प्रवीणची बायको, माहेर बोथ गावाकडचं. लग्नानंतरच्या नव्या दिवसांत तिनं एकदा पालकाची एक जुडी सोडून लसणाची फोडणी दिली होती. त्या रात्री सासरा भगवंतराव ताटावर असतानाच तुळजाबाईनं तिला सुनावलं, तुमच्या माहेरी बाजाराचा मालच खात होते का म्हणून. पोरीनं मान खाली घातली. त्यानंतर तिनं जुडी बांधली हजारदा, सोडली एकदाही नाही.

आता तिला सातवा महिना. चेहरा पिवळा पडला होता. तुळजाबाईला वाटलं, उन्हातल्या खुरपणीचा शीण आहे, बसेल दोडक्याच्या मांडवाखाली दोन दिवस तर येईल रंग.

तपासणीच्या दिवशी सासू-सून सरकारी दवाखान्यात गेल्या. प्रीती सिस्टरनं तुळजाबाईला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. बाकड्यावरच्या बायांना तिनं मोठ्यानं सांगितलं, मी सांगते ती शेवगावाली मावशी हीच, आणि ही तिची सून. बघा, हिला बाळंतपणाची काय चिंता. बाकड्यावर लेकीला घेऊन आलेली रुक्माबाई होती, ती बाजारातली जुनी गिऱ्हाईक. सगळ्या वळून पाहायला लागल्या. खोटं कशाला सांगा, तुळजाबाईला गोड वाटलं. तिनं पदर नीट केला, अन् सुनेच्या पुढं होऊन बसली.

मग रक्ताचा आकडा आला. सात. मागच्या खेपेला नऊ होता.

बाकड्यासमोरच्याच टेबलामागून डॉक्टरीणबाईनं चष्मा वर केला आणि सुनयनाला इचारलं, खातेस काय.

"समदंच खातो," सुनयना म्हणाली. "पालक, मेथी, शेवगा. आत्याबाई रोज करते."

तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरीचा चेहरा सरळ होता.

प्रीती सिस्टरनंही साक्ष भरली की या घरात खाण्याची कमी नाही, मावशीला मी ओळखते. डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठी पडली. इतकं खाऊन, गोळ्या घेऊन रक्त उतरत असेल तर ते जातं कुठं? आत दुसरंच काही असलं पाहिजे. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, तिथं रक्ताच्या मोठ्या तपासण्या होतील, गरज पडली तर हाडात सुई घालून. या दिवसांत एवढा प्रवास बरा नाही, पण टाळताही येत नाही. असं म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढं ओढली.

सुनयनाचा हात पोटावर गेला.

तुळजाबाईच्या मनात एक इचार आला. जाऊ द्यावं. प्रवीण नेईल, तिथं काही निघणार नाही, परत येतील. आणि बाजारात आपलं नाव आहे तसं राहील. हा इचार आला तो लगेच गेला नाही. खुर्ची टाकून बसावा तसा बसला. पेन चिठ्ठीवर चालू झालं तेव्हा कुठं तिचं तोंड उघडलं.

"लिवू नोका, मॅडम. ते खोटं बोलून राह्यली."

पेन थांबलं.

"आमच्या घरी भाजी शिजत नाई. भात, वरन अन् मिर्ची. भाजी बाजारात जाते. तिनं एकडाव शिजवली होती, मी लय बोललो तिले. तवापासून पोरीनं हात नाई लावला."

बाकड्यावरून रुक्माबाई म्हणाली, "अन् आमाले तं लय शिकवत होत्या तुळजाबाई." कोणीतरी फिसकन हसलं. तुळजाबाईला ते हसणं सोसलं. प्रीती सिस्टर हसली नाही, ते सोसलं नाही.

सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळत होती. मान वर न करता तिनं इचारलं, "तो शेवग्याचा पाला तुम्ही स्वतः कधी खाल्लाय, मावशी?"

"नाई."

पट्टा गुंडाळून झाला होता तरी ती गुंडाळतच राहिली. किती बायांना तिनं हे नाव सांगितलं असेल, तुळजाबाईला मोजवेना. बाजारात वाकडं बोलणारे पुष्कळ भेटतात, त्यांना उत्तर देता येतं. इथं कोणी वाकडं बोललंच नव्हतं. तिचे कान तापले होते आणि हात मांडीवर नुसते पडले होते, कोणाचे तरी उसने असावे तसे.

डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी बाजूला सारली. हैदराबाद तूर्त राहू द्या, म्हणाल्या. सलाईनमधून लोह देऊ, आणि ताटात रोज हिरवी भाजी, डाळ, दाणे पाहिजेत. पंधरवड्यानं रक्त चढलं नाही तर मात्र जावंच लागेल. हे सगळं त्यांनी तुळजाबाईकडं पाहून सांगितलं. तुळजाबाई फरशीकडं पाहत होती.

ऑटोत प्रवीणनं काय म्हणाले ते इचारलं. सुनयना म्हणाली, सलाईन लावली, बस. गाव जवळ आलं तेव्हा तुळजाबाईनं हळूच इचारलं, "खोटं काऊन बोलली व?"

"रुक्माबाई होती नं समोर, आत्याबाई."

शिवी दिली असती पोरीनं तर उलटी देता आली असती.

घरी पोचल्यावर चहा न घेता ती वाडीत उतरली. उद्याचा माल व्हायचा होता. भगवंतराव बांधावर सुतळी घेऊन बसलेलेच होते, पालकाच्या जुड्या पडत होत्या. काय म्हणे डॉक्टर, त्यांनी इचारलं. रक्त कमी आहे, एवढंच ती बोलली. दवाखान्यातलं बाकीचं तिच्या तोंडून निघेना. मग बांधलेल्या जुड्यांतल्या तीन-चार तिनं ओढल्या आणि सुतळी सोडून पालक पाटीत मोकळा केला.

"अवं, बांधलेलं हाय थे," भगवंतराव म्हणाले.

"दिसते मले."

म्हातारा पुढची जुडी बांधायला लागला. हात मात्र हळू चालत होते.

सुनयना चुलीचं पाहून बांधापर्यंत आली. पाटीकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, पण वाकली नाही. "किती घेऊ, आत्याबाई?"

"मले कायले इचारते?" तुळजाबाई म्हणाली. आवाज चढाच निघाला, तिला दुसरा काढता आला नाही. पोर पाटी उचलून जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही. कोथिंबिरीचे दोन वाफे राहिले होते. तिनं लुगडं खोचलं, विळा घेतला आणि पहिल्या ओळीला बसली.