काहिलीतली राणी

इस्लामपुरात बियाण्यासाठीच्या भुईमुगाच्या शेंगांची एक वखार होती. तिथं तेरा बायका शेंगा फोडायच्या आणि चौदावी वाचायची. वाचणारीनं शेंगेला हात लावायचा नाही, हा त्या बायकांचाच कायदा. प्रत्येकीनं आपल्या ढिगातून चार मुठी दाणे तिच्या पाटीत टाकायचे, म्हणजे संध्याकाळी तिचंही माप भरायचं.

ही चौदावी म्हणजे तानुबाई. पाटणकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ठाऊक नव्हतं. नवरा अर्जुना पलटणीत होता. बायकोचं पत्र दुसऱ्याच्या हातनं लिहून यावं हे त्याला खपत नव्हतं, म्हणून पहिल्या रजेत त्यानं कोळशानं दारावर मुळाक्षरं काढून दिली. दुसऱ्या रजेत पुण्याहून एक जाडजूड पुस्तक आणलं, 'सात डोहांची राणी'. तिसऱ्या रजेला तो आलाच नाही. चव्वेचाळीस साली तार आली, इटलीत पडला म्हणून.

पुस्तक अद्भुताचं होतं. पाताळातला राक्षस राजाला सातव्या डोहात ओढून नेतो. राणी एकटी शोधायला निघते. नाव मिळत नाही, तेव्हा गुऱ्हाळावरची रस आटवायची भलीमोठी काहील पाण्यात ढकलते आणि तीत बसून डोहामागून डोह ओलांडते. कृष्णेला पाणी चढलं की आमच्या बायाही काहिलीतूनच पैलतीराला जायच्या, त्यामुळं ही राणी त्यांना घरचीच वाटली तर नवल काय! सातव्या डोहात राजा नसतो, त्याचं नुसतं पागोटं तरंगत असतं. राणी पोटभर रडते, ते पागोटं डोक्याला बांधते आणि काहील माघारी वळवते, कारण काठावर तिची माणसं उभी असतात. वखारीनं हे अकरा वेळा ऐकलं होतं आणि अकराही वेळा पदर डोळ्यांना लावले होते.

धाकटा दीर आकाराम मात्र या पुस्तकावर दात ओठ खायचा; वहिनीला बळ येतं ते त्या माघारी येणाऱ्या राणीमुळंच, असं त्याला वाटायचं. अर्जुनाच्या वाट्याच्या दीड एकरावरचा हक्क सोडून मी माहेरी जाते, असा कागद त्यानं लिहवून आणला होता आणि सहा महिने वहिनीच्या मागं लागला होता. तानुबाई सही करीत नव्हती. जमीन गेली की घर गेलं, आणि घर गेलं की अर्जुनाच्या अक्षरांचं ते दारही गेलं, हे तिला पक्कं कळत होतं.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात गावाबाहेर बादशहा नावाच्या फिरत्या सिनेमावाल्याचा तंबू लागला. बोलपट कुठला, तर त्याच पुस्तकावरचा! आकारामनं तो आधीच सांगलीला पाहिला होता. त्यानं आपणहून वहिनीचं तिकीट काढलं. एवढा उदार तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

"वयनी, जाऊन बघा. तुमची राणी शेवटाला काय करती ती बघा, आन सोमवारी सई करा."

चौदाही जणी ठेवणीतली लुगडी नेसून दिवेलागणीला तंबूत पुढं जाऊन बसल्या. पडद्यावर राणी आली ती जरीत मढून, आणि बसली कशात, तर पांढऱ्याशुभ्र हंसाच्या नावेत.

"हे बदक कुठनं आलं गं?" राहीबाई ओरडली. ही वखारीतली सगळ्यांत थोरली, आणि आवाज तर गावात सगळ्यांत मोठा. "आन काहील कुठं गेली?"

"गूळ काढाय गेली!" पुरुषांच्या बाजूनं कुणी तरी म्हणालं आणि तंबू हसला.

मशीन एकच होतं. रीळ बदलताना दिवा लागायचा, आणि दर दिव्याला बायकांचा कालवा वाढत जायचा. शेवटचं रीळ लागलं. सातव्या डोहावर राणीनं पागोटं पाहिलं, हंबरडा फोडला आणि पाण्यात उडी टाकली. लगेच देव प्रकटला. कमळातून राजा आणि राणी हातात हात घालून वर आली. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. आकारामचा आवाज आला, "हिला म्हंत्यात पतिव्रता!"

तानुबाईला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तिलाही वाटलं, येऊ दे की बाई, असाच वर येऊ दे. आणि मग तिच्या अंगाची आग झाली. म्हणजे ज्यांचे आले नाहीत, त्यांच्या बायकांनी उडी टाकली नाही म्हणून आले नाहीत?

ती उठली. तिची सावली राजाराणीवर पडली.

"खाली बस!" लोक ओरडले. बादशहा दिवा लावून धावत आला. "बाई, लोकांनी तिकिटं काढल्यात."

"आमीबी काढल्यात. राणी मेली न्हाई. ती माघारी आली. ऐका!"

तिनं पडद्याकडं पाठ केली आणि शेवटचं पान तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. राहीबाईनं कूस बदलावी तशी बैठक फिरवली. तिच्यामागं बाराही जणी फिरल्या. पडद्याला पाठी लावून त्यांनी पागोटं, काहील आणि काठावरची माणसं शेवटपर्यंत ऐकली. बादशहाचाही दिवा विझवायचा राहिला.

सोमवारी आकाराम कागद आणि टाक घेऊन थेट वखारीत आला. चारचौघींत लाजून तरी सही करील, असा त्याचा हिशेब. तानुबाईनं कागद घेतला आणि पुस्तक वाचायच्या आवाजात मोठ्यानं वाचला. 'मी माझ्या राजीखुशीनं' इथं आल्यावर बायकांचे हात थांबले.

"राजीखुशीनं?" राहीबाई म्हणाली. "ह्योबी त्या बोलपटवाल्यानंच लिवला जणू!"

वखार हसली. आकाराम लालबुंद झाला. तानुबाई हसली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि पुस्तकात सातव्या डोहाच्या पानाला खूण म्हणून ठेवली.

"भावजी, दीड एकरात औंदा मी शेंगा लावणार हाय. बैलं तुमी देताय, का दुसरीकडनं बघू?"

आकाराम कागद न मागताच गेला. तानुबाईनं पहिलं पान उघडलं, आणि राहीबाईनं पहिली मूठ तिच्या पाटीत टाकली.