नूतनचे सोळा धडे

भोरच्या एस.टी. स्टँडसमोर माझा सायबर कॅफे होता. दोन हजार आठ सालची गोष्ट. चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम बंद. तिथं बसून मी जाहिदाबाईंना थकताना पाहिलं, आणि वर त्यांनाच शहाणपणा शिकवला.

बाई निवृत्त शिक्षिका. बाहेरून बारावीला बसणाऱ्या पोरांसाठी त्यांनी इंग्रजीचे तीस धडे स्वतःच्या आवाजात तयार करून इंटरनेटवर टाकले होते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरता यायचं. मुदत संपली की पोरांनाही धडे दिसेनासे व्हायचे. विकत घ्यायला क्रेडिट कार्ड हवं, आणि ते आमच्या अख्ख्या आळीत कुणाकडे नव्हतं. मग बाई दर महिन्याला नव्या माणसाच्या नावानं खातं उघडायच्या. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मुलाचं, सुनेचं, सुनेच्या भावाचं. सहाव्या खेपेला माझं. दर वेळी तीसच्या तीस धडे पुन्हा चढवायचे. आमचं नेट इतकं हळू, की एक धडा चढेस्तोवर चहा गार व्हायचा. बाईंचे डोळे लाल, कंबर धरलेली. मी म्हणायचो, पुरे करा आता. त्या म्हणायच्या, नूतनचं राहिलंय.

भोरमधली पोरं रोज येऊन पहिल्याच महिन्यात मोकळी झाली होती. नूतन राहायची हिर्डोशीला. तिच्या वडिलांनी, कोंडिबांनी, तिला एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर पुढं शिकायचं, नाहीतर स्थळं बघायची. ती फक्त बाजाराच्या दिवशी यायची, तासाभरात चार धडे करायची आणि परतीची एस.टी. गाठायची. बाजाराच्या दिवशी बाई कॅफेत नसायच्या, म्हणून नव्या खात्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून कंडक्टरच्या हाती धाडायच्या.

दर महिन्याला मला तिच्यासमोर पुन्हा पहिलाच धडा उघडलेला दिसायचा. पोरगी मठ्ठ आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बाईंना बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

परीक्षेला पाच दिवस उरले होते, त्याआधीचा हा शेवटचा बाजार. बाई उजळणीसाठी मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसल्या. बाविसाव्या धड्यातलं विचारलं. नूतन गप्प. अठराव्यातलं विचारलं, तरी गप्प. मग पहिल्यातलं विचारलं, तर तिनं अख्खा धडा बाईंच्याच शब्दांत म्हणून दाखवला.

नवं खातं उघडलं की तिचं झालेलं सगळं पुसलं जायचं. एक धडा पुरा केल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. महिन्याचे चार बाजार, सोळा धडे, की मुदत संपलीच.

"सांगितलं का नाहीस गं?" बाईंनी विचारलं.

"तुमी दर म्हैन्याला एवढा तरास घेत हुता, बाई. पुढचं म्या बघितलंच न्हाई, आसं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

क्रमाचा तो नियम बाईंनीच ठेवला होता, पोरांनी मधले धडे गाळू नयेत म्हणून. एका चौकोनात बरोबरची खूण केली की झालं. पुढं त्या ती विसरल्या, आणि धड्यांबरोबर ती दर खेपेला आपोआप चढत राहिली. बाईंनी ती काढली. अर्धं मिनिटही लागलं नाही, सतरावा धडा उघडला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नूतननं दोन धडे ऐकले. तेवढ्यात हिर्डोशीची गाडी लागली. त्या दिवशी तिच्यामागं दुसरी गाडी नव्हती. बाईंनीच तिला जा म्हटलं.

इंग्रजीत ती सहा गुणांनी नापास झाली. कोंडिबा बोलल्याप्रमाणे स्थळं बघायला लागले. धडे मार्चमध्येच बंद पडले होते. निकालानंतर मीच बाईंना म्हटलं, माझ्या मेहुण्याचं नाव घ्या, पुन्हा चढवू, या वेळी मी मदतीला बसतो.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कुणासाठी?" म्हणाल्या.