देवरामने पास केलेली गाडी

इंजिन ऐकताना तो तोंड किंचित उघडं ठेवायचा. डिझेल भरण्याआधी बोट बुडवून वास घ्यायचा. घाट उतरताना एक शब्द बोलायचा नाही. चढताना गाडीशी बोलायचा, शिव्याही द्यायचा. जेवताना आधी मिरची संपवायचा, मग भाकरी. रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि दोनदा वाचून दाखवायला लावायचा. सही मात्र स्वतः करायचा. सावकाश, खाली दोन रेघा ओढून.

देवराम भोये, हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा. अंबडला आमच्या कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघणं हे त्याचं काम. मी त्याच विभागात टायपिस्ट. मराठीत एम. ए. केल्यावर एवढंच मिळालं होतं. मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी तो मला मास्तर म्हणायचा.

"मास्तर, तुमच्या कवितेला टर्बो बसवा. दुसऱ्याच ओळीला दमते."

टर्बो म्हणजे काय हे त्यानेच मला शिकवलं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं आणि गाडीला जोर येतो. साध्या टर्बोत धुराची वाट एकाच मापाची. इंजिन संथ चाललं की धूर कमी, मग चक्रही सुस्त. दुसऱ्या प्रकारात चक्राभोवती हलत्या पात्या असतात. धूर कमी असला की त्या मिटत येतात, वाट अरुंद होते आणि धूर जोरात घुसतो.

"नळाच्या तोंडावर बोट धरल्यावानी," तो म्हणाला.

२००५ साली आमची नवी डिझेल पिकअप यायची होती. तिला कोणता टर्बो द्यायचा, हे ठरायचं होतं. साधा स्वस्त, दणकट, कुठल्याही गॅरेजात उघडता येणारा. पात्यांचा महाग, शिवाय काजळी धरली की पात्या अडकणार. देवरामला हे सगळं मान्य होतं. दोन्ही गाड्यांत सारखीच वाळूची पोती भरून तो तीन आठवडे पेठ रस्त्याच्या सावळ घाटात वर-खाली करत होता. शेवटी त्याने कच्च्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं: 'सपाटीला साधा चांगला. डोंगराला नको. भरलेली गाडी चढावर थांबली तर उचलत नाही. क्लच जळेल.'

आमच्याकडे एक पद्धत होती. चाचणीचा पक्का तक्ता टाइप व्हायला तासभर लागायचा आणि कंपनीची बस साडेतीनला सुटायची. म्हणून चालक कोऱ्या तक्त्यांवर आधीच सह्या करून ठेवायचे. सगळेच करायचे. देवरामनेही केल्या, प्रत्येकीखाली दोन रेघा ओढून.

त्या दिवशी विभागप्रमुख चिंतामणसाहेबांनी मला वेगळा कागद दिला. त्यात लिहिलं होतं, 'साधा टर्बो. चढावरील जोर समाधानकारक.'

"साहेब, देवरामभाऊंनी तर..."

"तू मराठीचा एम. ए. ना? मग शब्द दिलाय तसा छाप. अर्थ लावायला पगार देत नाही तुला."

मी छापला.

गाडी स्वस्त ठेवायची म्हणून साधा टर्बो घेतला, असं त्यांनी लिहिलं असतं तरी चाललं असतं. देवराम कुरकुरला असता आणि विसरला असता. पण पुढच्या वर्षी विक्रेत्याचा माणूस हरसूलच्या आठवडे बाजारात एक गाडी घेऊन गेला. काचेवर त्या तक्त्याची मोठी प्रत चिकटवली होती. भोंग्यावरून सांगत होता, ही गाडी तुमच्याच देवरामने पास केली आहे. दोन रेघा तिथे सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. आसपासच्या पाड्यांवर अकरा गाड्या गेल्या.

पहिल्याच पावसाळ्यात क्लच जळायला लागले.

मी एकदा त्याच्याबरोबर त्या बाजारात गेलो होतो. सुकी मासळी विकणाऱ्या अक्काबाईने त्याला लांबूनच पाहिलं.

"आला का पास करणारा सायब! चल रं, माझ्या पोराची गाडी अर्ध्या घाटात हाय. ढकलाया चल."

आजूबाजूचे हसले. देवरामही हसायला गेला. जमलं नाही.

"काकी, मी तसं लिवलं नव्हतं."

"मंग सही तुझ्या भुतानं केली?"

दुसऱ्या दिवशी तो चिंतामणसाहेबांकडे गेला. मी तिथेच कोपऱ्यात टाइप करत होतो. पैसे नको, बढती नको, म्हणाला. फक्त एक ओळ लिहून द्या, की देवरामने डोंगरासाठी साधा टर्बो नको म्हटलं होतं. ती मी बाजारात दाखवतो.

साहेबांनी तक्ता काढून समोर ठेवला.

"ही सही तुझी ना?"

"माझी. पण कागद कोरा होता. मास्तरांना इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

त्यानंतर देवरामने मला मास्तर म्हणणं सोडलं. महिनाभरात त्याची गेटवर बदली झाली. बाहेर जाणाऱ्या नव्या गाड्यांचे नंबर उतरवून घ्यायचे, एवढंच काम.

सुट्टीच्या दिवशी तो पाड्यांवर जाऊ लागला. एकेकाच्या दारात जायचा, गाडी दगडांवर चढवायचा आणि पदरचे पैसे घालून क्लच बदलून द्यायचा. न राहवून मी एकदा गेटवर विचारलं, "देवरामभाऊ, त्यापेक्षा पात्यांचा टर्बोच बसवता नाही येणार?"

"मग इंजिनाचा सारा मेंदू बदलाया लागंल. एक गाडी होईल, अकरा नाय."

"पण नवा क्लचही जळेलच की."

"जळंल. पुढल्या पावसाळ्यात जळंल." त्याने एका गाडीचा नंबर लिहून घेतला. "त्यांना ठाव तरी होईल, मी पळालो नाय."

२००८च्या भादव्यात त्याला कावीळ झाली. गेटवरची पाळी बुडवायची नाही म्हणून त्याने आठवडा अंगावर काढला. सिव्हिलमध्ये नेलं तेव्हा उशीर झाला होता. गेला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. कारखान्यात दोन मिनिटं शांतता पाळली. चिंतामणसाहेबांनी डोळे मिटले होते. पाच वाजता गेटवर दुसरा माणूस बसला.

दहाव्याला मी पाड्यावर गेलो. त्याची बायको भागीबाई म्हणाली, "बाबा, तेवढं झुंबरबाईच्या घरी सांग, गाडी आता दुसऱ्याकडून करून घ्या म्हणून. त्या वाट बघत असतील."

सात गाड्या झाल्या होत्या. आठवी झुंबरबाईच्या अंगणात होती. खाली दगड लावून उचललेली. गिअरबॉक्स उतरवून पोत्यावर ठेवलेला. नवी क्लच प्लेट खोक्यातून काढून, पुसून, बॉनेटवर कागदात गुंडाळून ठेवली होती. ती बसवायची राहिली होती.