फळी चढणारी बाई

माणूस चालतो कसा हे शिकायला तीन वर्षं लागतात, असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले, "वर्साचं प्वार बी चालतंय की गं. त्याला कॉलेज कशाला लागतंय?" सगळे हसले. आई हसली नाही. तिनं विचारलं, "आन् पळायला किती वर्सं?" तिला खरंच माहिती हवी होती.

मी नगरला अ‍ॅनिमेशनच्या डिप्लोमाला होते. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, त्यात आईबाबाही. शेवटच्या वर्षी त्यांची टोळी देवळाली प्रवराच्या शिवारात होती, म्हणजे माझ्या हॉस्टेलपासून एसटीनं तास-दीड तासावर. सीझनमध्ये इतक्या जवळ आई मला शाळेच्या दिवसांतही कधी मिळाली नव्हती.

त्या वर्षी दीड मिनिटाची फिल्म करायची होती, दोघींच्या गटानं. माझ्या जोडीला जी मुलगी आली तिला मी इथं मैत्रीणच म्हणते, कारण तेव्हा ती होती. ती नगरचीच. वडील प्राध्यापक, घरात स्वतःची खोली, खोलीत भलामोठा स्क्रीन आणि जिच्यावर पेननं रेघ ओढली की स्क्रीनवर उमटते ती काळी पाटी. माझ्याकडं मोबाईल होता आणि तो तापायचा. तिनं सुचवलेला विषय होता : एक रोबोट प्रेमात पडतो. मी सुचवला तो असा : ऊस भरणारी एक बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेली फळी चढते आणि वर जाऊन मोळी टाकते. सर म्हणाले, "रोबोट दरवर्षी येतो. बाई करा."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघी उसाच्या फडात गेलो. मैत्रीण टोपी घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आली होती. आईनं कोपीतून, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीतून, भाकरी आणि ठेचा आणला. मैत्रिणीनं दोन भाकरी खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला, आणि "मावशी, असं जेवण आमच्याकडं कुठं" असं म्हणून आईला जिंकून घेतलं. मीही जिंकले गेले. मग शूटिंग सुरू झालं. दुसऱ्या खेपेनंतर पाचटानं तिचे पाय खाजायला लागले, तेव्हा ती ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन बसली. मी आईचे चौदा व्हिडिओ घेतले. पहिल्या खेपेला आई मोबाईलकडं बघून पदर सारखा करत होती. नंतर मी आहे हे ती विसरली आणि कामाला लागली.

पुढचे दोन महिने कॉलेज सुटलं की मी मैत्रिणीच्या घरी जायचे. ती मागचं आभाळ, ऊस, ट्रॉली रंगवायची. मी आईला चालवायचे. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत बघायचा, कंबर कुठं आहे, टाच कधी उचलली, आणि तसं काढायचं. आधी मी वहीत बॉलपेननं काढायचे, मग पाटीवर. तेव्हा मला दिसलं की आई फळीवर पाय ठेवण्याआधी डाव्या अंगठ्यानं फळी दाबून बघते, हलते का म्हणून. वजन नंतर टाकते. मान तिथून वरपर्यंत हलत नाही, सगळं कंबर सांभाळते. तिसऱ्या पावलाला फळी वाकते, तेव्हा ती क्षणभर थांबते आणि फळीला सावरू देते. जन्मापासून जिच्या हातचं खाल्लं, ती चालते कशी हे मी बाविसाव्या वर्षी बघत होते. मला रडू यायचं आणि मी पाणी प्यायला उठायचे.

एकदा कॉलेजात मी तेच काम करत बसले होते. सर मागं येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वजन दिसतंय." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. त्या दिवशी मी जमिनीवरून चालत नव्हते.

आता माझा गाढवपणा सांगते. ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून भरतात. कुणी किती केलं हे कुणी विचारत नाही, आणि त्या कोयत्याला नाव असतं ते नवऱ्याचं. मी ह्यात वाढले. दोघांचं काम एकाच्या नावावर असणं मला कधी चोरी वाटली नाही, ती रीतच होती. त्यामुळं पहिल्या दिवशी कॉम्प्युटरनं नाव विचारलं आणि मैत्रिणीनं तिचं टाकलं, तेव्हा मी तिकडं बघितलंही नाही. कॉलेजचा फॉर्म आला. त्यात मुख्य म्हणून एकच नाव लिहायचं होतं. तिनं विचारलं, "कुणाचं टाकू?" मी म्हणाले, "टाक तुझंच. आपण एकच कोयता." तिला तो शब्द फार आवडला. "किती छान गं," म्हणाली, आणि मी खाली सही केली.

फिल्म दाखवायचा दिवस आला. दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत पुण्याच्या एका स्टुडिओची माणसं बसली होती. ती आमच्यातल्या एकाला नोकरीला घेणार आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. आमची फिल्म लागली. आईनं अंगठ्यानं फळी दाबली आणि हॉल गप्प झाला. ती चढली, तिसऱ्या पावलाला थांबली, वर गेली, मोळी टाकली. टाळ्या पडल्या. मी श्रेयनामावली वाचायला पुढं सरकून बसले.

कथा, चित्रं, अ‍ॅनिमेशन : मैत्रिणीचं नाव. रंग आणि पार्श्वभूमी : मैत्रिणीचं नाव. आवाज : तिच्या मामेभावाचं. मग आभार, त्यात तिचे आईवडील आणि त्यांचा कुत्रा. त्याच्या खाली, बारीक अक्षरात, संशोधन साहाय्य म्हणून मी. आईचं नाव कुठंच नव्हतं. पडदा बंद झाला तरी मी वाचत होते, काहीतरी सुटलं असेल म्हणून.

पुण्याच्या माणसानं विचारलं, "ही चाल तुम्ही पकडली कशी?" मैत्रीण माईक हातात घेऊन म्हणाली, "मी ऊसतोड कामगारांमध्ये जाऊन राहिले. तिथं एक मजूर स्त्री होती, तिचं बारकाईनं निरीक्षण केलं." जाऊन राहिली म्हणे. एक रविवार, साडेदहा ते तीन, त्यातला निम्मा वेळ ट्रॅक्टरच्या सावलीत. मी चौथ्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं. मी वाट बघत बसले की ती आता मागं वळेल, मला हात करेल, म्हणेल, ती बाई हिची आई. तिनं माईक सरांच्या हातात दिला.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी मी तिला गाठलं. तिनं डोळेसुद्धा चुकवले नाहीत. "अगं, फॉर्मवर मुख्य नाव एकच बसतं. आणि तूच म्हणालीस ना, आपण एकच कोयता?"

"माझ्या आईला मजूर स्त्री म्हणालीस."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"तू तिला मावशी म्हणायचीस."

"स्टेजवर मावशी कसं म्हणणार गं?" असं म्हणून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. ज्या हातानं तिनं ठेचा पुसून खाल्ला होता तोच तो हात होता, आणि मी तो झटकला नाही, याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी मी बॉलपेनची वही घेऊन सरांकडं गेले. त्यांनी पानं भराभर उलटली, आई चढून गेली, पुन्हा उलटली, ती पुन्हा चढली. वही मिटून म्हणाले, "हे कच्चं काम आहे. याला संशोधनच म्हणतात. फाइल तिच्या लॉगिनवर, फॉर्मवर तुझी सही. स्टुडिओची माणसं निवड करून गेलीसुद्धा. आता कॉलेजचं नाव कशाला खराब करायचं?" मी म्हणाले, "सर, तुम्ही मागं उभे होतात." ते म्हणाले, "मी सगळ्यांच्याच मागं उभा राहतो." मैत्रिणीचं एक वेळ समजून घेता येतं, तिला नोकरी हवी होती. सरांना काय हवं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

घरी मी काहीच सांगितलं नाही. आईनं आख्ख्या टोळीला सांगून ठेवलं होतं की पोरीनं मला टीव्हीत चालवलीय. तिला काय सांगणार होते? फिल्मचा पहिला नंबर आला, एवढं फोनवर सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मैत्रीण पुण्याला गेली. मी नगरमध्येच लग्नपत्रिकेचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात लागले. गणपती गोल फिरतो, पाकळ्या पडतात, नवरदेवाचं नाव उडत येतं आणि बसतं. कशालाच वजन नसतं. वजन दिलं तर गिऱ्हाईक म्हणतं, जरा भरभर करा की ताई.

वर्षभरानं तिचा फोन आला. आयत्या बिळावरच्या नागोबाला आता बीळ वाढवून हवं होतं. स्टुडिओला ऊसतोड करणाऱ्या बायकांवर एक मोठी फिल्म मिळाली होती आणि ती तिच्याकडं सोपवली होती, कारण तिला त्यातलं कळतं. "चढतानाचं आहे गं माझ्याकडं," ती म्हणाली, "उतरतानाचं नाहीये. मावशी उतरते कशी?"

पुन्हा मावशी. माझ्या मोबाईलमध्ये ते चौदाही व्हिडिओ होते आणि बघायचीही गरज नव्हती. आई आडवी उतरते. डावा हात ट्रॉलीच्या कडेला, एक पाय खाली, दुसरा त्याच्याशेजारी, मग पुन्हा पहिला. चढताना गुडघा कसाबसा ऐकतो, उतरताना ऐकत नाही. चढताना तिच्या डोक्यावर मोळी असते, तरी मला तिची भीती वाटायची ती उतरताना.

"सरळ उतरते," मी म्हणाले. "समोर बघून, झपाझप. हात मोकळे सोडून."

"खरंच? गुडघ्यांना काही होत नाही?"

"सवय असते त्यांना."

तिनं थँक्यू म्हटलं. मी फोन ठेवला आणि मला इतकं बरं वाटलं की दुकानातून निघताना मी भेळ खाल्ली. आयुष्यात एकदा जरी फळी चढलेला माणूस ती फिल्म बघेल तर हसेल, आणि हसेल तो तिच्या नावाला. श्रेय तिचं, तर चूकही तिची. मी मनात असं चोख जमवून टाकलं होतं.

पुढच्या गुढीपाडव्याला मी गावी गेले. सीझन संपवून आईबाबा परत आले होते. आई ओट्यावर लसूण निवडत बसली होती, तेवढ्यात मैत्रिणीच्या नव्या फिल्मची लिंक आली. मी बघत होते तर आईनं मान लांब केली. "ती मीच हाय का? बघू दे." मोबाईल तिच्या हातात द्यावा लागला. फळी चढणारी बाई माझीच होती, रेघ न् रेघ माझी. ती चढली, मोळी टाकली, वळली, आणि हात हलवत, सरळ, पायऱ्या उतराव्यात तशी फळी उतरून गेली.

आईनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिच्या कपाळावर आठी पडली होती. आता ती हसेल, म्हणेल ही कोण बया, कधी मोळी उचलली न्हाई हिनं, याची मी वाट बघत होते.

"मी आशी उतरते व्हय?" तिनं विचारलं. "मला वाटायचं मी आडवी उतरते. गुडग्याच्या पायी."

मी तिच्या पुढ्यातला लसूण उचलून सोलायला लागले.

"आसंल बाई. मला माझं कुठं दिसतंय. तू कॅमेऱ्यात बघितलंस, दोन म्हैने बसून काढलंस. तू काढलीस तशीच उतरत आसनार," आई म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. "व्हय ना गं?"

मी व्हय म्हणाले.