नाव घालायला आलेली

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर माझ्याविषयी चार ओळी जाणार होत्या. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण कोल्हापुरात, मुक्काम कोल्हापुरातच. या तीन ओळी वाचून कुणी पुस्तक उघडेल असं मला वाटेना, म्हणून चौथी ओळ मी स्वतः घातली होती : 'विद्यार्थी आंदोलनात अटक.' त्या तीन शब्दांवर माझा फार जीव होता.

आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रक आलं. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत. मोर्चा कुणाचाही असो, पत्रक आमच्याकडे छापलं जायचं आणि उरलेल्या प्रती आमच्याच पलंगाखाली जायच्या. मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे माझं पहिलं पाठांतर. मोठी झाल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. गेल्या वर्षी देशांच्या सीमांवर एक लिहिलं. खूप चिडून लिहिलं. खरं तर मी पाहिलेली सीमा एकच. कागलच्या पुढं गेलं की पाट्यांवरची अक्षरं कानडी होतात, आणि तिथं बस थांबतसुद्धा नाही.

ते पत्रक मी अमेरिकेतल्या मैत्रिणीला पाठवलं. तिनं उलट एक अंगठा पाठवला. बस.

ही मैत्रीण कोडोलीची. कॉलेजात रोज एसटीनं यायची. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, तिच्या घरच्या लोण्याची भाकरी मी तिच्यापेक्षा जास्त खाल्ली. मी वर्गात भाषण ठोकायची, ती बाकावर बसून गणितं सोडवायची. पुढं ती शिकायला अमेरिकेला गेली आणि तिकडंच नोकरीला लागली. ती गेली त्याच आठवड्यात मी पासपोर्टचा अर्ज भरला होता. पासपोर्ट आला. तो कपाटात आहे आणि त्याचं पानन् पान कोरं आहे. अधूनमधून मी तो काढून बघते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात माझ्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते.

"एक काम हाय तुझ्याकडं," ती म्हणाली. "व्हिसाचं."

"तू तर तिकडंच हाईस की. आता आणि कसला?"

"कॅनडाचा."

तिनं समजावून सांगितलं. ती राहते त्या शहराला लागून नदी आहे आणि नदीच्या पलीकडं कॅनडा. पलीकडच्या गावात तिची धाकटी बहीण राहते, लग्न होऊन गेलेली. तिला आठवा महिना लागला होता, दिवस अवघड चालले होते आणि जवळ माहेरचं कुणी नव्हतं. आईला कोडोलीहून नेणं जमण्यासारखं नव्हतं. राहता राहिली ही. पण हिचा पासपोर्ट भारताचा. अमेरिकेत राहायची परवानगी नदीच्या या काठापुरतीच. पलीकडं पाहुणी म्हणून जायलासुद्धा वेगळा व्हिसा.

"खिडकीतनं दिसतंय गं पलीकडचं," ती म्हणाली. "आमच्या कोडोलीसनं कोल्हापूर जेवढं, तेवढंबी लांब न्हाय. तिथं पंचगंगा ओलांडताना कुणी विचारलंतं का, कुठली, काय म्हणून?"

हे वाक्य माझ्या पत्रकात हवं होतं. सात मसुदे करूनही मला ते सुचलं नव्हतं.

"मग अडलंय कुठं?"

"अर्जात एक प्रश्न हाय. जगात कुठंबी, कधी, अटक झालीया का?"

"मग?"

"मग काय? आपल्याला धरलंतं की. एसटीच्या पासच्या मोर्चात."

मी क्षणभरही विचार केला नाही. "न्हाय म्हणून टाक. कोण बघायला येतंय?"

पलीकडं ती हसली. "तू सांगतीस हे? पत्रकवाली?"

"सरकारला खरं सांगायचा मक्ता घेतलाय काय तू?"

"मी खोटं लिहिणार न्हाय," ती म्हणाली. "उद्या उघडं पडलं तर पलीकडचंबी जाईल आणि इकडचंबी. मी होय असंच लिहितो आणि काय झालंतं ते सांगतो. तू फकस्त ठाण्यातनं एक पत्र आण, गुन्हा दाखल न्हवता म्हणून. तारखेच्या आत मिळायला पायजे बघ. तिचे दिवस भरत आल्यात."

अमेरिकेत जाऊनही ती 'लिहितो, सांगतो' असंच बोलते, कोल्हापूरच्या आम्ही सगळ्या पोरी बोलतो तशी. फोन ठेवला आणि मी मुद्रितं बाजूला सारली. अंगाची आग होत होती. एकही पत्रक धड न वाचलेली ही बाई मला खरेपणा शिकवत होती. आणि सीमांविरुद्ध लिहिलं मी, पण सीमेवर अडवलं जाणार होतं हिला. अडवलं जाणंसुद्धा तिच्याच वाट्याला यावं!

तिनं सही करून पाठवलेलं अधिकारपत्र घेऊन दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. टेबलाशी एक वयस्कर हवालदार होते. अर्ज वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"सात वर्षांमागचं? आणि कॅनडाला पायजे? कॅनडाला काय करायचंय आमच्या ठाण्याचं?"

"बहिणीचं बाळंतपण हाय तिच्या, मामा."

बाळंतपण म्हटल्यावर ते उठले. आतून एक जाड वही घेऊन आले, तिच्यावरची धूळ त्यांनी माझ्याच दिशेनं झटकली. त्या दिवसाचं पान सापडलं. मोर्चा, वेळ, मैदानावर आणून बसवलं, संध्याकाळी सोडलं. खाली नावं. मामांनी बोट ठेवून एकेक वाचायला सुरुवात केली. सहावं नाव तिचं. आडनाव आधी, मग तिचं, मग वडिलांचं. वय. मुक्काम कोडोली, तालुका पन्हाळा. परीक्षेच्या अर्जात भरावं तसं चोख.

"वाचा की पुढं," मी म्हटलं.

त्यांनी आणखी तीन नावं वाचली आणि वही मिटायला घेतली.

"अजून एक असंल."

"नऊच हायत."

"दहा होतो आम्ही."

"दहावं कोण?"

"मी."

त्यांनी पुन्हा पान उघडलं, पुन्हा बोट फिरवलं. "न्हाय बा."

"असं कसं न्हाय? घोषणा मी दिल्या. पत्रक मी लिहिलेलं. ती तर नुसती पाससाठी आलेली. नीट बघा, मागच्या पानावर असंल."

मागच्या पानावर एका चोरीला गेलेल्या मोटारसायकलची हकीकत होती. मामांनी चष्मा काढला.

"ताई, पंचवीस वर्षं झाली मला खात्यात. लोक नाव काढायला येत्यात. नाव घालायला आलेली तुम्हीच पहिली."

शेजारच्या टेबलावरची पोलीसबाई फसकन हसली. "मामा, म्हणावं नवीन काय तरी करा. ताजं नाव घालू, शाईबी चांगली हाय."

"आणि अटक कसली ओ?" मामा म्हणाले. "अटक कुणालाच न्हवती. ताब्यात घेतलं आणि सोडलं. च्याबी पाजला असंल. तसं लिहून देतो, साहेबांची सही झाली की न्या."

बाहेर येऊन मी गाडीला किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. पोलिसांच्या निष्काळजीपणावर मनात एक पत्रक तयार होऊ लागलं होतं. दोन वाक्यं झालीही. तिसऱ्याला ते अडलं, कारण मला तो दिवस आठवत होता. विसरलेच नव्हते मी. फक्त सांगताना तेवढा भाग गाळायची सवय लागली होती.

खेड्यातून येणाऱ्या मुलींचे एसटीचे पास वेळेवर मिळत नव्हते, त्यासाठीचा तो मोर्चा. मला पासची गरज नव्हती, माझं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. पण घोषणा माझ्याकडं होत्या. सकाळपासून ओरडून ओरडून दुपारी माझा आवाज पार बसला. मैदानावर आम्हाला ओळीत बसवलं आणि एक शिपाई नावं लिहीत आला. तिनं तिचं नाव सांगितलं, मघाशी वहीत वाचलं तसंच. मग तो माझ्यासमोर आला. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली.

"ही मुकी हाय व्हय?" तो म्हणाला, आणि अख्खी ओळ हसली.

इथपर्यंतचं मी कधीतरी गंमत म्हणून सांगतेही. पुढचं नाही. ती त्याला म्हणाली, "मी सांगतो हिचं नाव." आणि मी खाली, कुणाला दिसणार नाही असा, तिचा हात दाबला. जोरात. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि गप्प बसली. शिपाई पुढं गेला.

आवाज गेला होता हे खरं. पण मान होती, हात होते, खिशात पेनही होतं.

पत्र दोन दिवसांत मिळालं. खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. ते मी पिशवीत ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. त्या संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'मिळालं का?' मी लिहिलं, 'साहेब रजेवर आहेत.' दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पत्राचं विचारलं नाही. एवढंच लिहिलं की बहिणीला दवाखान्यात ठेवलंय, फोनवर रडत होती.

मला काय हवं होतं? ती पलीकडं जाऊ नये असं मला वाटत नव्हतं, निदान मी तसं म्हणणार नाही. एवढंच वाटत होतं की एकदा तरी तिचं काहीतरी माझ्या हातात अडकावं. तिच्याकडं तिकडचं घर होतं, नोकरी होती, नदी होती, खरं बोलायची हिंमत होती. आणि आता माझी अटकही तिच्याच नावावर निघाली होती. माझ्याकडं तिचा एक कागद होता.

त्याच संध्याकाळी आण्णांनी मलपृष्ठाचं शेवटचं मुद्रित माझ्यासमोर टाकलं. "बघून घे. उद्या छापायला घेतो. मग म्हणू नकोस."

मी चौथ्या ओळीपर्यंत आले. लाल पेन हातात होतंच. ओळीवरून आडवी रेघ मारली.

आण्णांनी वाकून बघितलं. "का गं? तीच तर चांगली होती."

"पुरावा न्हाय तिला."

"पुरावा कुणी मागितलाय?"

"कॅनडानं."

आण्णांना काही कळलं नाही. त्यांनी मुद्रित उचललं, रेघेकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि आत गेले. मी पिशवीतून पत्र काढलं, आमच्याच स्कॅनरवर ठेवलं आणि तिला पाठवून दिलं. 'साहेब आले आज,' एवढंच वर लिहिलं.

व्हिसा मिळाला, पण बाळंतपण तिला गाठता आलं नाही. बाळ चार दिवसांचं झाल्यावर ती पोचली. या चार दिवसांत माझे तीन होते, असा हिशेब मी करते. व्हिसाचं कचेरीतलं काम कसं चालतं कुणास ठाऊक, माझ्या तीन दिवसांनी काही फरक पडला नसेलही.

तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडं सकाळ होती आणि छापखान्यात पुस्तकांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी त्याला पुस्तक दाखवलं, पुढून, मग मागून. तिनं मलपृष्ठ वाचलं.

"ते अटकेचं कुठं गेलं? मला पाठवलंतंस त्यात होतं की."

"काढलं. ठाण्याच्या वहीत माझं नाव न्हाय."

"मग माझंबी काढून आणायचंस की येताना," ती म्हणाली आणि एवढी हसली की बाळ दचकलं. हात दाबल्याचं ती बोलली नाही. तिला आठवत नसेल असं नाही.

मीच म्हणाले, "साहेब रजेवर न्हवते."

"म्हाईत हाय मला."

"कसं?"

"पत्रावर तारीख असती गं शाने."

मला पुन्हा आवाज गेल्यासारखं झालं. ती बाळाला थोपटत राहिली, मग उठून बहिणीच्या घरच्या खिडकीशी गेली आणि फोन बाहेर वळवला. रुंद, करडी नदी, आणि पलीकडच्या काठावर उंच इमारतींची रांग.

"ते बघ," ती बाळाला म्हणाली की मला, कळलं नाही. "त्या तिथं माझं घर."

कोडोली म्हणाली नाही ती. मी गठ्ठ्याची सुतळी ओढून घट्ट केली. फोन अजून नदीकडंच वळलेला होता, आणि ती नदी मला बघायला मिळत होती तोवर मी बघत राहिले.