वलगावची बिननावाची धून आणि नऊ खुर्च्या

मावसबहिणीने तिच्या अमरावतीतल्या लग्नाचा व्हिडिओ पाठवला तो लेहंगा दाखवायला. मी तो अकरा वेळा पाहिला आणि लेहंग्याचा रंग मला आजही सांगता येणार नाही. ती गाडीतून उतरते, मावशी तिची ओढणी सावरते आणि मागे कुठेतरी एक क्लॅरिनेट वाजू लागते. जेमतेम चाळीस सेकंद. मग नवरदेवाची गाडी येते, क्लॅरिनेट गप्प होते आणि सगळ्या वरातींत वाजतं ते सिनेमातलं गाणं सुरू होतं.

"मागे कोणती धून वाजतेय?" मी फोन करून विचारलं.

"मागे काही नाहीये. बँडवाले वाजतंय का ते बघत होते. लेहंगा कसा आहे?"

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझा उद्योग ठाऊक आहे. ज्यांचं नाव गावाबाहेर पोचलेलं नाही असे बँड शोधायचे, ऐकायचे आणि मग भेटेल त्याला ऐकायला लावायचे. नियम एकच: समोर बसून पूर्ण ऐकल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. माझी पहिली ते चौथी बाबांनी घरीच घेतली, आणि त्यांच्या शाळेत 'साधारणपणे' या शब्दाने सुरू होणारं उत्तर वाचलंच जायचं नाही. त्यामुळे अमरावतीला जाणं भाग होतं.

व्हिडिओ थांबवून मोठा केला तर ढोलावर 'सोनचाफा ब्रास बँड, वलगाव' असं रंगवलेलं दिसलं आणि खाली फोन नंबर. शेवटचा आकडा एका गुलाबी फुग्यामागे होता. मी शून्यापासून सुरुवात केली. सहा अनोळखी लोकांची माफी मागून झाल्यावर सातव्या फोनवर आवाज आला, "बोला, सोनचाफा. तारीख कोन्ती?"

मी सांगितलं, पुण्याहून बोलतेय, तारीख नाही, लग्नही नाही, तुमची एक धून ऐकायला यायचंय. पलीकडून फोनपासून तोंड लांब नेऊन कोणालातरी दिलेली बातमी: "पुन्याची बाई हाय. लगन नाई म्हनते, नुसतं आयकाले येतो म्हनते."

त्यावर एक बायकी आवाज: "मंग येऊ द्या ना. पौषात तुमाले कोन्तं काम हाय?"

जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे लग्नाचे बँड घरी सापडतात. पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने अमरावती. थंडी असते, स्वेटर न्या. मी दोन नेले होते, एक घालायला आणि एक पहिला हरवला तर. अमरावतीत गिला वडा खाल्ला. दह्यात आणि चटणीत इतका भिजलेला असतो की चमच्याने खायचा की प्यायचा हे ठरवेपर्यंत संपतो. मग परतवाड्याच्या रस्त्याने, सहा जणांच्या ऑटोत सातवी होऊन, वलगाव.

सुदामराव हे बँडमास्तर. क्लॅरिनेट वाजवतात, तेही मुख्यतः लग्नसराईत, कारण बाकीचं वर्ष कोबी, मेथी आणि शेवंतीत जातं. त्यांचे धाकटे भाऊ मधूकाका दुसरी क्लॅरिनेट वाजवतात. ढोल गजूभाऊंकडे, ते अमरावतीत फुलं विकतात आणि देहयष्टी अशी की ढोल गळ्यात अडकवला तर लहान दिसतो. बाकीचे सहा जण चुलत, मावस, आते असे सगळे घरातलेच. वाद्यं कांद्याच्या खोलीत टांगलेली असतात. माझ्या बॅगेला अजून तो वास आहे.

"कोन्ती धून म्हनता ताई तुमी?" सुदामरावांनी विचारलं. मी फोनवर ऐकवली. नऊही जण वाकून ऐकू लागले आणि एकदम हसले.

"हे? हे काई गानं नाई बाप्पा. हे तं तोंड मोकळं करायले वाजवतो आमी. नवरदेव येईपरेंत."

"पण आहे कोणाची?"

"याईचीच," मागून सुदामरावांच्या बायको कमलकाकू म्हणाल्या. "शेतातून घरी येतांनी सुचली. तवा मी म्हटलं होतं, नाव ठिवा काई. तं म्हने, कोन पुसते?"

ऐकवा म्हटल्यावर सगळे उठून वाद्यं घेऊन विहिरीच्या रस्त्याला लागले. घरात का नाही, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, म्हैस बिथरते. मला ते कारण पटलं. ते वाजवत पुढे, मी मागून चिखल चुकवत, रुमालाने तोंड झाकून (माझा श्वास रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून) विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. धून साधी आहे. दोनदा वर चढते, तिसऱ्यांदा चढणार असं वाटतं आणि चढत नाही, बाजूला वळते. त्या वळणावर माझा पाय चिखलात गेला आणि मला ते घरी आल्यावर कळलं.

संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी होती. सुदामराव रोडगा दुधात कुस्करून खात होते. काकूंनी कारण सांगितलं. वरचा समोरचा दात हलतो. क्लॅरिनेटचं तोंड नेमकं त्याच दातावर टेकतं. डॉक्टर म्हणाले, काढावाच लागेल, आणि नवा बसवल्यावर फुंकर पहिल्यासारखी लागेल की नाही सांगता येत नाही. सुदामराव तारखा पुढे ढकलत होते.

"काढू ना," ते म्हणाले. "पन एकडाव हे धून आयकाले आलेले लोक समोर असतांनी वाजवा लागते. लगनात लोक आमाले पायतात. आयकत नाई कोनी."

आता माझी बाजू सांगते. वलगावला फोन लागल्यावर, व्हिडिओतली चाळीस सेकंदांची धून कुठल्याच गाण्याशी जुळत नाही एवढ्याच भरवशावर, मी अकोल्याच्या एका मंडळाला मेल पाठवला होता. ते दर हिवाळ्यात एका शाळेच्या पटांगणावर अनोळखी बँडचा कार्यक्रम करतात आणि बँडने स्वतःचंच वाजवायचं ही त्यांची अट आहे. त्यांनी माझ्या शब्दावर सोनचाफाला पंधरा मिनिटं दिली होती. म्हणजे मी नियम अर्धा मोडला होता, आणि त्याची भरपाई म्हणून मेलमध्ये अकरा मुद्दे काटेकोर लिहिले होते. माईकची उंची. पिण्याचं कोमट पाणी. मुद्दा सातवा: नऊ खुर्च्या, पाठ असलेल्या, हात नसलेल्या. त्या रात्री जेवतानाच मी सगळे मुद्दे वाचून दाखवले आणि नऊही जण यायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भाजीच्या पिकअपमधून अकोल्याला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर असा सरळ महामार्ग, तसा दोन तासांचा. दोन्ही बाजूंना तूर काढणीला आलेली. तुम्ही रेल्वेने जा, बरं पडेल. पण मग मूर्तिजापूरच्या टपरीवरचे आलूपोहे हुकतील. मी तिथे पाणी उकळलेलं आहे का असं विचारलं.

गजूभाऊ टपरीवाल्याला म्हणाले, "उकळून दे रे, पुन्याहून आल्या त्या. अन् पोहे बी एकडाव धुवून घेजो."

मधूकाका म्हणाले, "काहून सतावता बिचारीले? आपल्यासाठी एवढ्या लांबून आली." मग माझ्याकडे वळून, अगदी काळजीने, "ताई, दुसरा सेटर घाला, ढगं आले."

पटांगणावर मंडळाच्या वैशाली मॅडम भेटल्या. शाळेत गणित शिकवतात. त्यांनी माझा मेल छापून आणला होता आणि प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली होती. मंचावर नऊ खुर्च्या होत्या, पांढऱ्या कापडाच्या, मागे सोनेरी रिबिनीची गाठ. मला समाधान वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

सोनचाफाचे नऊ जण लाल कोटात मंचावर चढले आणि खुर्च्यांवर बसले. गजूभाऊंनी ढोल गुडघ्यांत धरला, जसा कोणी प्रवासात डबा धरतो. सुदामरावांनी सुरुवात केली. पहिली चढण ठीक होती. दुसऱ्या चढणीला क्लॅरिनेट पुढे गेली आणि ढोल मागे राहिला. ताशा ढोलासाठी थांबला, मग ढोल ताशासाठी थांबला. ट्रम्पेटवाले एकमेकांकडे पाहू लागले. वळणापर्यंत कोणी पोचलंच नाही. सुदामरावांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि मांडीवर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्यांचा चांगुलपणा म्हणून.

माझ्या शेजारचे आजोबा त्यांच्या सुनेला म्हणाले, "आटोपलं का?"

मी मंचाच्या पायरीपाशी धावले. सुदामराव माझ्याकडे पाहतच नव्हते. मी गजूभाऊंना विचारलं, काय झालं?

"पाय कोठी ठिवू, ताई?" त्यांच्या कपाळावर घाम होता. "ठेका पायात हाय ना. डावा पाय पडला का ढोल. आजतागायत बसून वाजवलं नाई कोनी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पुसलं कोठी? तुमी खुर्च्या सांगतल्या. आमाले वाटलं शयरात बसूनच वाजवा लागते."

सगळा बँड चालणाऱ्यांचा. धून चालताना सुचलेली. मी विहिरीपर्यंत मागे चालले आणि माझं सगळं लक्ष माझ्या श्वासावर. मी वैशाली मॅडमना गाठलं आणि एका वाक्यात तीनदा 'माफ करा' म्हणून विचारलं, त्यांना खाली उतरून चालू द्याल का?

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं उरलीत. मुद्दा सातवा रद्द समजायचा का?"

"समजायचा."

मी पायरी चढून सुदामरावांना सांगितलं, खाली या, पटांगणाला फेरी मारा. ते पहिल्यांदा वर पाहून म्हणाले, "लोकाईच्या मधातून?" मी म्हटलं, हो. त्यांनी जिभेने दात चाचपला आणि उठले.

नऊ जण उतरले. गजूभाऊंनी ढोल गळ्यात अडकवला आणि डावा पाय टाकला.

मी या ब्लॉगवर नेहमी सांगते की अतिशयोक्ती करणार नाही. तेव्हा फक्त घडलं तेवढं लिहिते. पहिल्या फेरीत लोक खुर्चीत वळून वळून पाहत होते. दुसऱ्या फेरीत मागच्या रांगा उभ्या राहिल्या. ती धून तुमच्याकडे येत असते, मोठी होते, अगदी कानाशी येते आणि नेमक्या वळणावर पुढे निघून जाते. मग तुम्हाला वाटतं आपणही जावं. तिसऱ्या फेरीत लोक मागून चालत होते. नाचत नव्हते, हे महत्त्वाचं. वरातीत नाचतात. हे नुसते चालत होते आणि ऐकत होते. 'आटोपलं का'वाले आजोबा सुनेचा हात धरून माझ्या पुढेच होते. वैशाली मॅडम घड्याळ दाखवायला आल्या आणि अर्धी फेरी तशाच चालल्या.

वाजवून झाल्यावर सुदामराव रुमाल तोंडाला लावून खुर्चीवर टेकले. रुमालावर थोडं रक्त होतं. मी घाबरले. ते म्हणाले, "राहू द्या. झालं आता."

रात्री सगळ्यांनी शेवभाजी खाल्ली, सुदामरावांनी बशीतून चहा घेतला. मला गजूभाऊंनी स्टेशनवर सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत तिसऱ्यांदा विचारलं, पाणी उकळलेलं घेतलं ना?

पुण्यात येऊन फोन उघडला तेव्हा कळलं, माझ्याकडे खुर्च्यांवरचं रेकॉर्डिंग आहे, पूर्ण, अगदी स्वच्छ. फेऱ्यांचं नाही. मी चालत होते. विहिरीच्या वाटेचं आहे त्यात नेमक्या वळणावर दाद म्हणून निघालेलं माझं 'अगं बाई' आहे. तेव्हा या लेखासोबत ऐकायला काही नाही, त्याबद्दल क्षमस्व. एखाद्या बँडबद्दल न ऐकवता लिहिण्याची ही पहिलीच वेळ. दोन दिवस मी ठरवत होते की हे योग्य आहे का. जायचा रस्ता वर दिला आहे. ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा नसेल त्यांनी जावं, आणि ज्यांना असेल त्यांनीही जावं. वलगावात 'सोनचाफा' विचारलं तर कोणीही घर दाखवेल. बसायला जागा मागू नका.

लेख छापण्याआधी मी ज्या त्या बँडला वाचून दाखवते. माघ लागल्यावर सुदामरावांना फोन केला. बोलणं थोडं फसफस येत होतं. दात काढला होता, नवा बसायला अवकाश होता. लेख त्यांनी पूर्ण ऐकला. रक्ताचं काढू का, असं विचारलं तर म्हणाले, राहू द्या, कमल वाचते तं तिले समजू द्या. मग म्हणाले, काल पौषानंतरचं पहिलं लग्न वाजवलं. मुलीच्या मामाने अकोल्यात ऐकलं होतं. वरात निघताना त्याने सिनेमातलं गाणं थांबवून तीच धून मागितली.

"मग? कोणी वाजवली?"

"मधूनं. मी कोठी वाजवतो, दात नाई तं तोंडात. मी वऱ्हाडासंगं पुढं चाल्लो. हात मोकळेच." मागे कोणीतरी मेथीचा भाव विचारत होतं. "एवढ्या वर्षांत पयल्यांदा बाहेरून आयकली."

"कशी वाटली?"

त्यांनी आधी मेथीचा भाव सांगून टाकला.

"वळनावर मधू घाई करते, त्याले सांगतो," सुदामराव म्हणाले. "बाकी बरी हाय."